गोड्या पाण्यातल्या छोट्या शिडाच्या बोटीच्या तळाला कोणता रंग लावावा?

रंगाचा डबा घेण्याआधी एक गोष्ट ठरवा: बोट सलग किती दिवस पाण्यात राहणार? फेरी झाली की ती ट्रेलरवर चढवत असाल, तर शेवाळरोधक रंगाची गरजच नाही. तळ धुऊन पुसला की झालं.

आठवडेच्या आठवडे पाण्यात उभ्या राहणाऱ्या बोटीला मात्र रंग हवा. तलावात समुद्रासारखे बार्नॅकल (कवचाचे छोटे प्राणी) चिकटत नाहीत, मुख्य त्रास बुळबुळीत थराचा आणि शेवाळाचा. म्हणून समुद्रासाठी बनवलेला, तांब्याने ठासलेला महागडा रंग इथे बहुधा वाया जातो. काही तलावांवर तांबेयुक्त रंगांना बंदी असते, तेही आधीच विचारून घ्या.

मग बोट कशाची आहे ते पाहा. ॲल्युमिनियमच्या तळावर क्युप्रस ऑक्साइडचा, म्हणजे तांब्याच्या संयुगाचा रंग कधीही लावू नका, तांब्यामुळे तो धातू खाल्ला जातो. तिथे त्या धातूसाठी चालतो असं डब्यावर लिहिलेला रंगच घ्यावा. फायबरच्या नव्या तळावर साच्याचं मेण राहिलेलं असतं; ते आधी सॉल्व्हंटने काढा, नाहीतर रंग सोलपटून निघेल. त्यावर इपॉक्सीचे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रेझिनचे थर द्या. फायबरमध्ये पाणी मुरून फोड येण्याचा धोका गोड्या पाण्यात खाऱ्यापेक्षा जास्त असतो. माझ्या मते वरच्या रंगापेक्षा या थरांवर खर्च करणं शहाणपणाचं.

आता प्रकार. कडक रंग घासून गुळगुळीत करता येतो, शर्यतवाल्यांना तो आवडतो. पण बोट बराच काळ पाण्याबाहेर राहिली की अशा बहुतेक रंगांचा जोर ओसरतो. हळूहळू झिजणारा रंग बोट वर काढून पुन्हा सोडली तरी काम करतो आणि वर्षानुवर्षांचे थरही साचत नाहीत. हौशी माणसाने हाच घ्यावा. छटेवर फार वेळ घालवू नका, ती पाण्याखालीच जाणार आहे.

जुना रंग असेल तर ओल्या फडक्याने घासून बघा. फडक्याला रंग लागला तर तो बहुधा झिजणारा आहे. त्यावर कडक रंग टिकत नाही.

जुना रंग कोरडा घासू नका, धूळ विषारी असते. मास्क आणि हातमोजे घालून, पाणी मारत घासा. पहिला हात वेगळ्या रंगाचा द्या, म्हणजे वरचा थर झिजला की लगेच दिसेल. जलरेषेला आणि सुकाणूच्या पुढच्या कडेला एक हात जास्त. शेवटच्या हातानंतर किती वेळाने आणि किती दिवसांच्या आत बोट पाण्यात सोडायची, ते डब्यावर दिलेलं असतं; रंगकामाचा दिवस त्यावरून ठरवा.