नवा स्विच जोडताना व्हीलॅन उडू नयेत म्हणून

साकीनाक्याच्या गाळ्यातले ऑफिस वाढले, वरचा मजला घेतला, तिथे आता दुसरा नेटवर्क स्विच (कॉम्प्युटर, कॅमेरे एकमेकांना जोडणारा डबा) बसवायचा आहे. केबल खोचली की काम झाले असे वाटते. पण सिस्को कंपनीच्या स्विचवर व्हीटीपी ही सोय चालू असेल, तर त्या एका केबलने अख्ख्या ऑफिसचे व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेले नेटवर्कचे वेगवेगळे कप्पे) पुसले जाऊ शकतात. म्हणून आधी स्विच कोरा करा, मग सेटिंग करा, आणि केबल सर्वांत शेवटी लावा. कमांड इथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप इंग्रजीतच करायच्या.

व्हीटीपी एका स्विचवरची व्हीलॅनची यादी ट्रंकवरून (अनेक व्हीलॅन एकत्र वाहून नेणाऱ्या, दोन स्विचमधल्या जोडणीवरून) बाकीच्या स्विचना पोचवतो. यादी बदलली की रिव्हिजन नंबर एकाने वाढतो. डोमेनचे (यादी वाटून घेणाऱ्या स्विचच्या गटाचे) नाव आणि पासवर्ड जुळले, की ज्याचा नंबर मोठा त्याची यादी सगळे स्वीकारतात. ती यादी बरोबर आहे का, हे कोणताच स्विच तपासत नाही. 'क्लायंट मोडमध्ये आहे, काही होणार नाही' हा समजही चुकीचा आहे. मोठा नंबर घेऊन आलेला क्लायंटसुद्धा सर्व्हरची यादी बदलून टाकतो.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सेकंडहँड स्विचची सगळ्यांना धास्ती असते, पण त्याचे डोमेन बहुधा वेगळेच असते. जास्त धोका आपल्याच कपाटातल्या स्पेअरचा. त्यात डोमेन आपले, पासवर्ड आपला, आणि टेस्टिंगच्या वेळी व्हीलॅन बनवून-पुसून नंबर वाढलेला.

दोघांनाही एकच उपाय. कन्सोल केबल (लॅपटॉप थेट स्विचला जोडणारी) लावून 'राइट इरेज' द्या. एवढ्यावर थांबू नका. व्हीलॅनची यादी आणि रिव्हिजन नंबर फ्लॅशमधल्या 'व्हीलॅन डॉट डॅट' फाइलमध्ये राहतात, त्या इरेजने जात नाहीत. ती फाइल 'डिलीट' करा, मग 'रीलोड'. सेव्ह करू का विचारले तर 'नो'. स्विच वर आला की 'शो व्हीटीपी स्टेटस' बघा. रिव्हिजन 0 दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता मोड. कोरा स्विच सर्व्हर मोडमध्ये उठतो आणि ट्रंकवर ऐकू येईल ते पहिले डोमेन उचलतो, म्हणून हे आत्ताच ठरवा. पाच-सहा स्विच असतील तर सगळीकडे 'व्हीटीपी मोड ट्रान्स्परंट' ठेवून व्हीलॅन हाताने बनवावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. दहा मिनिटांचे काम वाढते, पण दुसऱ्याची यादी आपल्या स्विचवर येत नाही. स्विच बरेच असतील तर व्हर्जन 3 घ्या. त्यात 'व्हीटीपी प्रायमरी' दिलेल्या एकाच स्विचवरून यादी बदलता येते. शिवाय व्हर्जन 1 आणि 2 फक्त 1005 पर्यंतचे व्हीलॅन पाठवतात, 3 मात्र 4094 पर्यंतचे.

समजा 10 हिशेब विभागाला, 20 सीसीटीव्हीला, 99 मॅनेजमेंटला आणि 999 रिकामा, फक्त नेटिव्ह (ट्रंकवरून नंबराची खूण न लावता जाणारा व्हीलॅन) म्हणून. दोन्ही टोकांच्या पोर्टवर 'स्विचपोर्ट मोड ट्रंक', 'स्विचपोर्ट नॉननिगोशिएट', 'स्विचपोर्ट ट्रंक नेटिव्ह व्हीलॅन 999' आणि 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन 10,20,99' द्या. काही जुन्या मॉडेलवर त्याआधी एन्कॅप्सुलेशन डॉट-वन-क्यू (व्हीलॅनची खूण लावण्याची पद्धत) सांगावे लागते. नेटिव्ह व्हीलॅन दोन्हीकडे सारखा नसेल तर लॉगमध्ये मिसमॅचचा इशारा येत राहतो.

पुढे कधी व्हीलॅन 30 वाढवायचा झाला तर 'अलाउड व्हीलॅन ॲड 30' लिहा. 'ॲड' विसरलात तर जुनी यादी जाऊन फक्त 30 उरतो. फोर्टमध्ये बसून बोरिवलीच्या शाखेतला स्विच बदलत असाल, तर त्याच क्षणी तुमचाही संपर्क तुटतो आणि लोकल पकडावी लागते. त्यामुळे दुरून काम करताना आधी 'रीलोड इन 10' द्या. संपर्क गेलाच तर दहा मिनिटांनी स्विच सेव्ह केलेल्या सेटिंगवर परत येतो. काम नीट झाले की 'रीलोड कॅन्सल' आणि मग सेव्ह.

मुख्य स्विचला स्पॅनिंग ट्रीची (स्विचच्या जोडणीत डेटा गोल फिरत राहू न देणारी सोय) प्रायॉरिटी 4096 द्या. सगळ्यांची मूळची 32768 तशीच राहिली तर सर्वांत लहान मॅक पत्त्याचा (कारखान्यात ठरलेल्या क्रमांकाचा), म्हणजे बरेचदा सर्वांत जुना, स्विच रूट, म्हणजे या मांडणीचा केंद्र, होतो.

आता केबल. तांब्याची असेल तर पॅच कॉर्ड धरून 100 मीटरच्या आत. शेजारच्या इमारतीत जायचे असेल तर फायबरच टाका. दोन इमारतींचे अर्थिंग वेगळे असते, आणि पावसाळ्यातली वीज तांब्यावरून थेट पोर्टपर्यंत येते. जोडल्यावर 'शो इंटरफेसेस ट्रंक' आणि 'शो व्हीलॅन ब्रीफ' दोन्ही स्विचवर बघा.

बॅकअप घेताना लक्षात ठेवा: ट्रान्स्परंट मोडमध्ये व्हीलॅन रनिंग कॉन्फिगमध्ये (स्विचच्या चालू सेटिंगमध्ये) दिसतात. सर्व्हर मोडमध्ये दिसत नाहीत, तिथे 'व्हीलॅन डॉट डॅट' वेगळी कॉपी करावी लागते.

तरीही व्हीलॅन उडालेच, तर आधी नव्या स्विचची केबल काढा. पोर्टवरची नेमणूक पुसली जात नाही, पोर्ट फक्त निष्क्रिय होतात. सर्व्हरवर त्याच नंबरचे व्हीलॅन पुन्हा बनवले की ते परत चालू होतात. त्यासाठी नंबर आणि नावांची छापील यादी रॅकच्या दाराला आतून चिकटवून ठेवा, कारण त्या वेळी नेटवर्कवरची फाइल उघडणार नाही.