लांब पल्ल्यासाठी दोन बोटींत निवड करताय? या चुका टाळा

३७ ते ४२ फुटांच्या दोन शिडाच्या बोटी पुढे करून ‘यातली कुठली घेऊ?’ असं विचारणारे बहुतेक जण सोबत एक तक्ता आणतात. लांबी, रुंदी, वजन, शिडांचं क्षेत्रफळ आणि तळाशी ठळक अक्षरांत एक गुणोत्तर. बोटीत पाय ठेवलेला नसतो, पण निर्णय झालेला असतो. माझ्याकडून फक्त मान डोलवून हवी असते. ती मी डोलवत नाही.

एकाच आकड्यावर विसंबणं

सगळ्यांचा लाडका आकडा म्हणजे बोट उलटण्याचा निर्देशांक. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीत वादळाने १५ स्पर्धकांचा बळी घेतला, त्यानंतर हे सूत्र रूढ झालं. बोटीची फुटांतली रुंदी घ्यायची आणि तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या घनफुटांच्या घनमुळाने भागायची. उत्तर २ च्या खाली आलं की बोट खोल समुद्राला लायक, असा समज.

पॅसिफिक सीक्राफ्ट ३७ या लहान बोटीचं उत्तर साधारण १.७ येतं, कॅटलिना ४२ या मोठ्या बोटीचं २ च्या जरा वर. झाला निकाल! अहो, पण कीलमधलं, म्हणजे बोटीच्या तळाच्या जड पात्यातलं, शिसं किती खोलवर आहे हे त्या सूत्रात येतच नाही. ते सगळं काढून डोलकाठीच्या टोकाला बांधलं तरी उत्तर तेच. डेकवर डिझेलचे कॅन रचत गेलात तर वजन वाढून आकडा उलट ‘सुधारतो’.

मी स्थैर्याचा आलेख मागतो. बोट किती अंशांपर्यंत कलली तरी आपणहून सरळ होते, ते त्यात दिसतं. १२० च्या आसपास किंवा पुढे असेल तर बोलणं पुढे सरकतं. आलेख कुठेच मिळत नसेल तर तसं तक्त्यात लिहा, तो रकाना अंदाजाने भरू नका.

युरोपीय ‘ए’ वर्गाचा शिक्का दोन्हींवर असेल तर तुलनेपुरता तो विसरा. वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मापनात आठच्या वरचा वारा आणि चार मीटरहून मोठ्या लाटा गृहीत धरलेली ती किमान अट आहे.

रिकामी बोट मोजणं

माहितीपत्रकातलं वजन रिकाम्या बोटीचं असतं. त्यात तुम्ही नसता. नांगराची १० मिलिमीटरची १०० मीटर साखळी म्हणजेच सव्वादोनशे किलोंच्या वर. ४०० लिटर पाण्याचे ४०० किलो, २०० लिटर डिझेलचे १७० च्या आसपास. मग लाइफराफ्ट, डिंगी, बॅटऱ्या, हत्यारं, सुटे भाग, पुस्तकं, धान्य. बोटीवर घर करायचं म्हटलं की दीड-दोन टन कधी होतात कळत नाही. सव्वासात टनांच्या सीक्राफ्टवर आणि सव्वानऊ टनांच्या कॅटलिनावर तेच सामान चढवा: लहान बोट पाण्यात जास्त बसते, आणि हलकी म्हणून पळणारी मोठी बोट आपलं पळणंच गमावते. मोठीच्या ३६ फूट जलरेषेवर (पाण्याच्या पातळीवरच्या लांबीवर) कागदी कमाल वेग आठ नॉट, म्हणजे तासाला आठ सागरी मैल, लहानीच्या पावणेअठ्ठावीस फुटांवर सात. हा एक नॉटचा फरक दिवसाला २४ सागरी मैल धरून प्रवासाचं वेळापत्रक आखणारे लोक मी पाहिले आहेत. धन्य आहे.

बंदरातल्या झोपेवरून बोट पसंत करणं

या चुकीचा मला खरा राग येतो. एका जोडप्याची रुंद बुडाची, झकपक बोट दुसऱ्या बंदरात न्यायला मी सोबत गेलो होतो. तीन डबल बेड, सलूनमध्ये, म्हणजे बोटीच्या बैठकीत, घोड्याच्या नालेसारखा सोफा, समोर दोन गुबगुबीत खुर्च्या. बंदरात बघणारा हरखून जाईल अशी. बाहेर पडलो तर वारा तोंडावर. पुढच्या केबिनमध्ये गादी आणि माणूस लाटेगणिक वेगवेगळे हवेत उडत होते. मागच्या केबिनमध्ये उशाशी ऑटोपायलटची मोटर कण्हत होती आणि पलंग इतका ऐसपैस की माणूस घरंगळत बोटीच्या भिंतीला जाऊन आदळे. नालेसारख्या सोफ्यावर सरळ झोपता येईना आणि खुर्च्यांचा तर प्रश्नच नव्हता. दुसऱ्या रात्री मालक टेबल आणि गॅलीच्या (स्वयंपाकाच्या ओट्याच्या) मधल्या जमिनीवर, शिडाच्या पिशवीवर पसरला. चहा करायला जाणारा त्याला ओलांडून जाई. गॅलीही एका भिंतीला सरळ लावलेली, कंबर टेकायला काही नाही, त्यामुळे चहाच्या पुढे कुणी गेलं नाही.

तिसऱ्या रात्री त्याने हिरव्यावर पांढरा दिवा पाहिला आणि बंदराचा दिवा म्हणून तिकडेच वळू लागला. हिरव्यावर पांढरा म्हणजे जाळं ओढणारा ट्रॉलर, हे त्याला एरवी झोपेतही सांगता आलं असतं. पण झोप होती कुठे?

म्हणून मी दोन्ही बोटींत प्रत्येक बर्थवर बूट काढून आडवा होतो, विकणारा घड्याळ बघत असला तरी. बोटीच्या मध्याजवळ, सरळ, जास्त नाही अन् कमी नाही असा दोन फूट रुंदीचा, कापडी आडोसा बांधता येईल असा बर्थ दोन्ही बाजूंना एकेक हवा. बाकीचे बेड मी मोजतच नाही. मात्र वर्षातले बहुतेक दिवस नांगरावर जाणार असतील तर रुंद बोटीला हवा, उजेड आणि कपाटांचे गुण मोकळ्या मनाने द्या. अरुंद जुन्या बोटीत दोन माणसं कायमची राहतात तेव्हा एकाला हलण्यासाठी दुसऱ्याला बसावं लागतं, हेही खरं.

बाकीच्या, थोडक्यात

इंजिनाकडे नुसतं बघू नका. इम्पेलरचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातल्या चक्राचं) झाकण आणि ऑइल फिल्टर यांना हात पोहोचतो का ते करून पाहा. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच जातो.

डोलकाठीच्या तारा दहा-बारा वर्षांच्या असतील तर बदलायचा खर्च आत्ताच किमतीत धरा. सेलड्राइव्हचं (इंजिनापासून तळातून पंख्यापर्यंत जाणाऱ्या यंत्रणेचं) पाणी रोखणारं रबर कधी बदललं याची पावती मागा, ‘नुकतंच’ ही तारीख नव्हे.

बोट कधी खडकावर घासली का, हे विचाराच. २०१४ साली ‘चीकी राफिकी’ या शिडाच्या बोटीची कील अटलांटिकमध्ये निखळली आणि चौघे गेले. तिच्या तळाला आधी झालेले आघात आणि दुरुस्त्या चौकशीत पुढे आल्या.

दोन्ही बोटींची तपासणी एकाच सर्व्हेयरकडून करून घ्या, नाहीतर तुलना बोटींची न होता सर्व्हेयरांची होते.

आणि बिनवाऱ्याच्या दिवशी ट्रायल घेऊ नका. पंधरा नॉट वारा नसेल तर मी तारीख पुढे ढकलतो, विकणारा कितीही कुरकुरला तरी. बाहेर गेल्यावर अर्धा तास वाऱ्याच्या विरुद्ध चढत बोट हाकायची, मग आत उतरून उभ्याने भांडंभर पाणी उकळायचं. दोन्ही बोटींत, त्याच भांड्यात.