माव्यावर फवारणीआधी पान उलटून बघा

चवळी, कोबी, वांगी किंवा भेंडीवर मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला की लगेच पंपाला हात घालू नका. आधी पाच-दहा झाडांची पानं उलटून बघा. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी लांबट अळी दिसली तर ती मावा खाणाऱ्या ढालकिड्याची. हीच अळी बरेच जण कीड समजून मारतात! बारीक दोऱ्यासारख्या देठावर उभी पांढरट-हिरवी अंडी म्हणजे क्रायसोपा, याच्या अळ्याही मावा खातात. आणि फुगलेला, वाळून तपकिरी झालेला मावा दिसला तर त्यात परजीवी गांधीलमाशीची पिल्लं वाढताहेत. तो मावा अजिबात चिरडू नका.

एवढी फौज हजर असेल तर दोन-तीन दिवस थांबून पुन्हा बघा. मावा वाढतच असेल तर जास्त लागण झालेले शेंडे खुडा आणि तेवढ्याच झाडांवर ५ टक्के निंबोळी अर्क मारा. मुंग्यांकडेही लक्ष हवं. माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या मित्रकीटकांना हुसकावून लावतात.

क्रायसोपाच्या अळ्या विकत आणल्या तर डबा घरात ठेवू नका, त्या एकमेकींना खातात. त्याच संध्याकाळी माव्याच्या पानांवर सोडा. त्याआधी रासायनिक फवारणी झाली असेल तर मात्र पैसे वायाच.

ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा हे परजीवी कीटक असलेलं कार्ड) इथे चालत नाही. ते पतंगांच्या अंड्यांसाठी, माव्यासाठी नव्हे. बांधावर कोथिंबीर, बडीशेप फुलू द्या. प्रौढ मित्रकीटकांना मकरंद आणि पराग तिथेच मिळतात.