व्ही-२चं जुनं किट जोडताना

इंदूरला रामबागेतल्या मामांच्या घरी माळा आवरताना एक चेपलेलं खोकं निघालं. आत दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनीच्या व्ही-२ क्षेपणास्त्राचं प्लास्टिकचं किट, कधी हातच न लागलेलं. तुम्हालाही असं काही सापडलं तर गोंद बाजूला ठेवा, आधी पट्टी घ्या. जुन्या कंपन्या खोक्यात मावेल तेवढं मॉडेल करायच्या, त्यामुळे प्रमाण काहीही निघतं. खरं व्ही-२ 14 मीटर उंच. मॉडेल 20 सेंमी भरलं तर प्रमाण 1:70. त्या हिशेबाने शेपटीच्या पंखांचा पसारा, जो मूळ 3.56 मीटर आहे, 5 सेंमीच्या आसपास यायला हवा. आकडा लिहून ठेवा.

सगळे भाग भांड्यांच्या साबणाने धुवा. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. वाकलेला भाग गरम (उकळत्या नव्हे) पाण्यात धरून सरळ होतो. फ्रेममधून भाग पिरगळू नका, जुनं प्लास्टिक कडकन तुटतं. नेलकटर छान चालतो.

आता सांधा. विमानात तो कुठेतरी लपतो, इथे मात्र सगळं नळकांडंच उघड्यावर. दोन्ही अर्ध्या भागांना कोरडंच जुळवून टेपने बांधा आणि पातळ प्लास्टिक सिमेंट (प्लास्टिक वितळवून जोडणारा गोंद) ब्रशने फटीला नुसतं टेकवा. ते आपसूक आत ओढलं जातं. हलकं दाबलं की वितळलेल्या प्लास्टिकची बारीक रेघ वर येते. ती आली म्हणजे जमलं. दिवसभर हात लावू नका. राहिलेल्या खळग्यांत मोटार रंगवणारे वापरतात ती एनसी पुट्टी पातळ थरात भरा. सियागंजात हार्डवेअरवाल्याकडे विचारा. वाळल्यावर वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) भिजवून 400, 600, 1000 अशा क्रमाने घासा. करडा प्रायमर मारून मॉडेल ट्यूबलाइटखाली फिरवा. उजेडाची रेघ जिथे मोडते, तिथे सांधा अजून जिवंत आहे. परत पुट्टी, परत पाणी. माझ्या तीन फेऱ्या झाल्या.

पंख चार. ग्राफ पेपरवर मोठं अधिकचं चिन्ह काढा, मधोमध रॉकेट उभं करा, पंख रेघांवर आणा आणि तो 5 सेंमीचा आकडा तपासा. मी घाईत एक अंदाजाने चिकटवला. समोरून बघितलं तर रॉकेट लंगडतंय! ब्लेडने कापून पुन्हा लावला.

रंगासाठी काळे-पांढरे चौकोन निवडा. चाचणीच्या वेळी रॉकेट स्वतःभोवती फिरतंय का, हे चित्रफितीत कळावं म्हणून ते रंगवत. पहिलं यशस्वी उड्डाण 3 ऑक्टोबर 1942 ला जर्मनीतल्या पेनेमुंडेच्या चाचणी केंद्राहून झालं. युद्धात डागलेली रॉकेटं मात्र बहुतेक हिरवट, आणि ती छळछावणीतल्या कैद्यांकडून सक्तीने बनवून घेतलेली. हे माहीत झाल्यावर मला तरी हिरवा रंग लावावासा वाटला नाही.

आधी पांढरा, दोन दिवसांनी मास्किंग टेप, मग काळा. टेपची कड नखाने दाबा. पावसाळ्यात लॅकर मारू नका, दुधाळ होतं. इंदूरची दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम.

डिकल (पाण्यात भिजवून मॉडेलवर लावायची छापील चिन्हं) पिवळे पडले असतील तर पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेवर उन्हात चिकटवा, काही दिवसांत पिवळेपणा उतरतो. पाण्यात मात्र आधी एखादा नको असलेला तुकडाच टाकून बघा. त्याचे तुकडे झाले तर उरलेल्या डिकलवर लॅकरचा पातळ हात देऊन, वाळल्यावर एकेक कापून लावा.