एचआयव्हीवर पीएच.डी. करायची म्हणताय? आधी रक्ताची चौकशी करा

एम.एस्सी. संपत आली की मुलं विचारायला येतात, 'मॅडम, एचआयव्ही इम्युनॉलॉजीत कुठला गाइड बघू?' तोवर त्यांनी गाइडचे पेपर, एच-इंडेक्स सगळं पाहून ठेवलेलं असतं. मी उलट विचारते, त्या लॅबला रक्त कुठून येतं?

साध्या उंदराला एचआयव्हीची लागण होत नाही आणि मानवी पेशी बसवलेले उंदीर प्रत्येक लॅबला परवडत नाहीत. त्यामुळे बरंचसं काम एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात त्या केंद्रावर, येणाऱ्या माणसांच्या रक्तावरच चालतं. हॉस्पिटलशी घडी बसलेली असेल, समुपदेशक ओळखीचे असतील आणि एथिक्स कमिटीची मंजुरी हातात असेल, तर पहिल्याच वर्षी कामाला लागता. नसेल तर प्रस्ताव, दुरुस्त्या, पुन्हा प्रस्ताव यातच वर्ष सरतं.

पुढचा प्रश्न, रक्त कुणाचं? 2017 पासून आपल्याकडे सीडी4 (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशींची संख्या) कितीही असो, निदान झालं की औषधं सुरू करायचं धोरण आहे. रुग्णांच्या दृष्टीने हे उत्तमच, पण उपचार न घेतलेल्या माणसाचं सॅम्पल त्यामुळे दुर्मीळ झालं. औषधाशिवाय विषाणू दाबून ठेवणारे 'एलिट कंट्रोलर' तर शंभरात एकही सापडत नाही. म्हणून द्रव नायट्रोजनमध्ये जुनी सॅम्पल नीट जपून ठेवणारी लॅब सापडली तर ती सोडू नका. पुण्यात भोसरीची 'नारी', म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, 1992 पासून आहे. (नाव आता बदललंय, आमच्या तोंडी मात्र नारीच.) उपचार लवकर सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटते, हे 2011 साली दाखवून देणाऱ्या एचपीटीएन 052 या चाचणीत पुणे आणि चेन्नई ही दोन्ही केंद्रं होती.

तुमचं वेळापत्रक ठरवणार ती ओपीडी. ट्यूब दुपारी येते आणि पेशी त्याच दिवशी वेगळ्या कराव्या लागतात, कारण रक्त पडून राहिलं की टी-सेलचा (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा) प्रतिसाद मंदावतो. ट्यूब तिरकी धरून, पातळ केलेलं रक्त कडेने थेंबाथेंबाने फायकॉल या जड द्रवावर सोडायचं. हात हलला की थर मिसळले. मग सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचं, ब्रेक बंद ठेवून. बाहेर काढल्यावर तळाशी लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा आणि मधे ताकाच्या निवळीसारखी गढूळ रिंग दिसते. पुढचे सगळे प्रयोग त्या रिंगेतल्या पेशींवर. एलिस्पॉट (पेशींचा प्रतिसाद मोजणारी चाचणी) लावायचा असेल तर घरी जायला रात्र होते, हे घरी आधीच सांगून ठेवा.

घरचा विषय निघालाच आहे तर, आमच्या मावशीने माझ्यासाठी स्थळं बघताना 'ती रक्तपेशींवर संशोधन करते' यापुढे कधी काही सांगितलं नाही. भीतीचं म्हणाल तर जिवंत विषाणू सहसा बीएसएल-3 या कडक सुरक्षेच्या लॅबमध्ये वाढवतात, आणि सुई टोचलीच तर 72 तासांच्या आत, खरं तर लगेचच, पीईपी (लागण टाळणारी औषधं) सुरू करून 28 दिवस घ्यायची असते. मुलाखतीला गेलात की पीईपीचं किट कुठे ठेवलंय ते खुशाल विचारा. उत्तराला वेळ लागला तर त्यातूनही लॅब कळते.

पैसे: जानेवारी 2023 पासून जेआरएफला (सुरुवातीच्या वर्षांची संशोधन शिष्यवृत्ती) महिना 37,000 आणि एसआरएफला (पुढच्या वर्षांची) 42,000, शिवाय घरभाडं. ते दर महिन्याला वेळेवर येतीलच असं नाही. तीन-चार महिन्यांची सोय गाठीला असू द्या.

लशीवरच काम करायचं म्हणून येणाऱ्यांना एक सांगते. 2009 मध्ये थायलंडच्या आरव्ही144 या लस-चाचणीने 31 टक्के संरक्षण दाखवलं. पुढे दक्षिण आफ्रिकेतली एचव्हीटीएन 702 ही चाचणी 2020 मध्ये थांबली, मोझॅइको ही आणखी एक 2023 मध्ये. थीसिस एकाच लशीच्या यशावर टांगू नका. प्रतिसाद मोजण्याचा प्रश्न घ्या. आरव्ही144 च्या सॅम्पलमधूनच पुढे संरक्षणाशी निगडित अँटिबॉडी सापडल्या, आणि त्यावर कित्येकांची करिअर उभी राहिली.

आणि फ्लो सायटोमेट्री (लेझरने पेशी मोजून ओळखण्याचं तंत्र) स्वतःच्या हाताने शिका, ऑपरेटरवर सोडू नका. कॉम्पेन्सेशन (रंगांची सरमिसळ दुरुस्त करणं), गेटिंग (हव्या त्या पेशी निवडणं) सगळं. 2023 मध्ये मुंबईतून देशातली पहिली कार-टी (रुग्णाच्याच टी-सेलमध्ये बदल करून कर्करोगावर करायची) उपचारपद्धती मंजूर झाली. टी-सेल वाढवता, मोजता आणि गोठवता येणाऱ्या माणसांची अशा ठिकाणी गरज पडते, आणि तिथे थीसिसचा विषाणू कोणता होता याने फारसा फरक पडत नाही.