घरच्या राउटरला फोन अडॅप्टर जोडताना

ग्रँडस्ट्रीम एचटी ८०१ हा अडॅप्टर (साध्या फोनवरून इंटरनेटने बोलू देणारा डबा) लॅन केबलने राउटरला जोडा, फोनच्या पोर्टमध्ये साधा फोन लावा. भिंतीतली जुनी टेलिफोन लाइन मात्र त्यात कधीच खुपसू नका. तिच्या व्होल्टेजने अडॅप्टर जळू शकतो. रिसीव्हर उचलून स्टार तीनदा दाबा, मग ०२. ऐकू येणारा आयपी पत्ता ब्राउझरमध्ये टाका, एफएक्सएस पोर्टच्या (म्हणजे फोन लावलेल्या पोर्टच्या) पानावर इंटरनेट-फोन कंपनीने दिलेला सर्व्हर, युजर आयडी आणि पासवर्ड भरा, सेव्ह करून रीबूट करा.

फोन लागतो, पण आवाज एकाच बाजूने येतो? बहुधा राउटरमधल्या 'सिप एएलजी'चा (इंटरनेट कॉलना मदत करण्यासाठी दिलेल्या सोयीचा) प्रताप: मदतीच्या नादात ते पॅकेटमधले पत्ते बदलतं. बंदच करा. आवाज तुटत असेल तर अपलोडचा वेग बघा, जी.७११ कोडेकला (आवाज डिजिटल करायच्या पद्धतीला) प्रत्येक दिशेने साधारण ९० केबीपीएस पुरतात.

वीज गेली की हा फोनही गेला, म्हणून राउटरसोबत अडॅप्टरही यूपीएसवर.