वसाहतकालीन अमेरिकी धर्मोपदेशकाची वंशावळ कशी शोधावी : जोनाथन एडवर्ड्‌स यांच्या घराण्याच्या आधारे

जोनाथन एडवर्ड्‌स (१७०३–१७५८) हे ब्रिटिश अमलातील न्यू इंग्लंडचे (अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील वसाहतींचे) सर्वांत नावाजलेले धर्मोपदेशक होते. आपण एडवर्ड्‌स घराण्यातले आहोत असे सांगणारी कुटुंबे अमेरिकेत आजही पुष्कळ आढळतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा पुरावा आडनावापलीकडे जात नाही. पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, घराण्यांची कागदपत्रे विपुल असतात. बाप्तिस्मा, विवाह, महाविद्यालयीन पदवी, मंडळीतील (चर्चमधील) नेमणूक, मृत्युपत्र या प्रत्येक टप्प्यावर काहीतरी लिहून ठेवलेले असते. मात्र माणूस जितका प्रसिद्ध, तितक्या त्याच्याभोवती जुळवलेल्या कथाही अधिक. म्हणून या लेखात एडवर्ड्‌स यांचेच घराणे समोर ठेवून, अशा धर्मोपदेशकाचे पूर्वज आणि आडनावाचे मूळ कसे शोधावे हे क्रमाने सांगितले आहे.

आरंभ खात्रीच्या माणसापासून करावा

शोध नेहमी जवळच्या पिढीकडून मागे न्यावा. इंग्लंडातील एखादा मातबर एडवर्ड्‌स पकडून तेथून खाली येऊ पाहणारा माणूस बहुधा फसतो, कारण त्याला हवे ते उत्तर त्याने आधीच ठरवलेले असते. आपल्या उदाहरणात पक्की सुरुवात अशी आहे : जोनाथन यांचा जन्म ५ ऑक्टोबर १७०३ रोजी कनेटिकटमधील ईस्ट विंडसर येथे झाला, वडील त्या गावचे पाळक टिमथी एडवर्ड्‌स, आई एस्थर स्टॉडर्ड, अकरा भावंडांत हे एकटेच मुलगे, बाकी दहा बहिणी. मृत्यू २२ मार्च १७५८ रोजी प्रिन्सटन येथे, देवीची लस टोचून घेतल्यानंतर झाला.

आता प्रत्येक माणसासाठी वहीचे एक स्वतंत्र पान घ्यावे. त्यावर तीन रकाने आखावेत : विधान, ते कोणत्या कागदात आढळले, आणि तो कागद घटनेच्या वेळचा की नंतरचा. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. १६६९ सालच्या गावदप्तरातील जन्मनोंद आणि दोनशे वर्षांनी छापलेल्या कुलवृत्तांतातील तीच तारीख दिसायला सारखी असली, तरी त्यांचे वजन सारखे नसते. आणखी एक शिस्त पाळावी : ‘अमुक हा तमुकाचा मुलगा’ या विधानाला स्वतःचा वेगळा पुरावा हवा. दोघांची नावे, गाव आणि काळ जुळतो एवढ्यावर नाते जोडू नये.

गाव आणि तारीख नीट वाचावी

ज्या ठिकाणी जोनाथन जन्मले ते १७०३ मध्ये विंडसर गावाचाच भाग होते. ईस्ट विंडसर हे वेगळे गाव म्हणून १७६८ मध्ये स्थापन झाले, आणि त्यातूनही साउथ विंडसर १८४५ मध्ये निघाले. आज त्यांचे जन्मस्थान साउथ विंडसरच्या हद्दीत येते. त्यामुळे एकाच घराण्याचे दप्तर तीन गावांच्या नावांखाली शोधावे लागते. शोधाला बसण्यापूर्वी त्या गावाच्या स्थापनेचा आणि विभागणीचा इतिहास काढून ठेवावा. हे काम अर्ध्या तासाचे असते आणि पुढचे कितीतरी दिवस वाचवते.

तारखांचे प्रकरण अधिक अवघड आहे. ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींमध्ये १७५२ पर्यंत जुनी पंचांगपद्धती चालू होती आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे. जोनाथन यांचे आजोबा सॉलोमन स्टॉडर्ड यांच्या मृत्यूची तारीख ११ फेब्रुवारी १७२८/२९ अशी लिहिली जाते. ही लेखनिकाची गफलत नव्हे : त्या काळच्या हिशेबाने वर्ष अजून १७२८ होते, आजच्या हिशेबाने १७२९. जेथे अशी तिरपी रेघ नसते आणि महिना जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्चचे पहिले चोवीस दिवस असतो, तेथे वर्ष कोणत्या पद्धतीने लिहिले आहे हे आजूबाजूच्या नोंदींवरून ठरवावे. प्युरिटन (न्यू इंग्लंडमधील कडव्या प्रोटेस्टंट पंथाचे) लेखनिक पुष्कळदा महिन्यांची नावे न लिहिता ‘पहिला महिना’, ‘दुसरा महिना’ असे लिहीत. त्यांचा पहिला महिना मार्च होता. शिवाय दिवसांचाही फरक आहे. जुन्या पंचांगातला ५ ऑक्टोबर १७०३ हा दिवस नव्या पंचांगाप्रमाणे १६ ऑक्टोबर ठरतो, म्हणून दोन ग्रंथांत दोन तारखा दिसल्या तर लगेच दोन वेगळे जोनाथन कल्पू नयेत. आपल्या वहीत तारीख कागदावर असेल तशीच उतरवावी आणि तिचे रूपांतर खाली वेगळे लिहावे.

कागद कोठे पाहावेत

कनेटिकटमधील गावदप्तरांतील जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या सुमारे १८५० पर्यंतच्या नोंदींची सूची ‘बार्बर संग्रह’ या नावाने ओळखली जाते. ती हार्टफर्ड येथील राज्य ग्रंथालयात आहे. बॉस्टन येथे १८४५ मध्ये स्थापन झालेल्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिअलॉजिकल सोसायटीचे त्रैमासिक १८४७ पासून निघत आहे, आणि जुन्या घराण्यांबद्दलचे कित्येक गैरसमज त्याच्याच पानांतून दुरुस्त झाले आहेत. १६२० ते १६४० या काळातील स्थलांतरितांसाठी रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांनी चालवलेला ‘ग्रेट मायग्रेशन’ प्रकल्प आधी पाहावा. पाळकांसाठी एक खास साधन आहे ते म्हणजे हार्वर्ड आणि येल येथील पदवीधरांचे छापील चरित्रकोश. टिमथी आणि सॉलोमन स्टॉडर्ड हे हार्वर्डचे, तर जोनाथन येलचे पदवीधर. फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ विनामूल्य आहे, आणि भारतात बसून मूळ नोंदवह्यांची छायाचित्रे पाहायची असतील तर तेथूनच सुरुवात करणे सोयीचे. मात्र त्यावर इतरांनी जोडलेली तयार कुलवृक्षे वाटाड्या म्हणून वापरावीत, साक्षीदार म्हणून नव्हे.

मूळ नोंद वाचताना त्या काळची भाषा ओळखावी लागते. सतराव्या शतकातील इंग्रजीत आज ‘जावई’ असा अर्थ असलेला शब्द सावत्र मुलासाठीही वापरत. ‘चुलतभाऊ’ म्हणजे कधी पुतण्या किंवा भाचा असे. ‘थोरला’ आणि ‘धाकटा’ ही विशेषणे बापलेकांनाच लागत असे नाही, एकाच गावात एकाच नावाची दोन माणसे असली की वयाने मोठ्याला थोरला म्हणत. एडवर्ड्‌स घराण्यात ही गोष्ट थेट उपयोगी पडते, कारण पणजोबा विल्यम एडवर्ड्‌स हे हार्टफर्डला आले ते आई अ‍ॅन आणि सावत्र वडील जेम्स कोल यांच्यासोबत. ज्याला हे ठाऊक नाही तो कोल यांच्या कागदांकडे फिरकतच नाही आणि विल्यम आकाशातून पडल्यासारखे वाटू लागतात. पिढी तुटली की आईच्या दुसऱ्या लग्नाचा शोध घ्यावा.

आजीला वगळू नये

हा टप्पा मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण या घराण्याच्या वंशावळीत सर्वांत जास्त अन्याय येथेच झाला आहे. विल्यम यांचा मुलगा रिचर्ड एडवर्ड्‌स पिंपे बनवण्याच्या पिढीजात धंद्यातून व्यापारात गेला. त्याने १६६७ मध्ये न्यू हेवनच्या एलिझाबेथ टटल हिच्याशी लग्न केले. लग्नाच्या वेळी ती दुसऱ्या पुरुषापासून गरोदर होती. ती मुलगी टटल कुटुंबात वाढली. दोघांना पुढे मुले झाली, त्यांतला टिमथी १६६९ चा. अनेक वर्षांच्या कलहानंतर १६९१ मध्ये रिचर्डला घटस्फोट मिळाला आणि नंतर त्याने मेरी टॅलकॉटशी लग्न केले. आता काही तक्त्यांत रिचर्डशेजारी प्रतिष्ठित घराण्यातल्या मेरी टॅलकॉटचे नाव दिसते आणि वाचणारा तिलाच जोनाथन यांची आजी समजतो. टिमथीचे जन्मवर्ष आणि घटस्फोटाचे वर्ष शेजारी मांडले की शंका उरत नाही : आजी एलिझाबेथ टटल हीच.

टटल घराण्यात आणखी दुःखे होती. एलिझाबेथचा भाऊ बेंजामिन याने १६७६ मध्ये सारा या बहिणीचा कुऱ्हाडीने खून केला आणि त्याला फाशी झाली. थोर पुरुषाच्या गौरवासाठी लिहिणाऱ्यांना हे नकोसे वाटले यात नवल नाही. १९०० मध्ये अल्बर्ट विन्शिप यांनी जोनाथन यांच्या सुमारे चौदाशे वंशजांची मोजदाद करून उत्तम रक्ताचा दाखला म्हणून ती मांडली. ज्या आजीचे रक्त त्या सर्वांत होते तिला त्या मांडणीत स्थान नव्हते. वंशावळ लिहिणाऱ्याने असे करू नये. याच स्त्रीमुळे घराण्याविषयीचे सर्वांत तपशीलवार कागद निर्माण झाले, ते म्हणजे न्यायालयीन अर्ज आणि साक्षी. घटस्फोट, दंड आणि वारसातंटे यांच्या दप्तरांत सामान्य माणसांची बोलणी टिकून राहतात. मंडळीच्या वहीत ती सापडत नाहीत.

एलिझाबेथच्या मागे जाणे त्यामानाने सोपे आहे. तिचे वडील विल्यम टटल १६३५ मध्ये लंडनहून निघालेल्या ‘प्लँटर’ जहाजातून आले, आणि त्या जहाजाची प्रवासीयादी छापून उपलब्ध आहे. यादीत सेंट ऑल्बन्सच्या पाळकाचे दाखले आणल्याचा उल्लेख आहे, त्यावरून घराणे तेथलेच असा तर्क सहज होतो. पण दाखला जेथून घेतला ते गाव जन्मगाव असतेच असे नाही. टटल बंधूंचे मूळ नॉर्दॅम्प्टनशरमधील रिंगस्टेड येथे सापडते. इंग्लंडातील पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतील वस्ती) नोंदवह्या १५३८ पासून ठेवण्याचा हुकूम झाला होता, म्हणून अशा गावापर्यंत पोहोचल्यावर आणखी दोन-तीन पिढ्या मिळण्याची आशा असते.

आजोळची बाजू

जोनाथन यांचे आजोळ मॅसॅच्युसेट्‌समधील नॉर्दॅम्प्टनच्या स्टॉडर्ड पाळकांकडचे. सॉलोमन स्टॉडर्ड यांची पत्नी एस्थर ही विंडसरचे पहिले पाळक जॉन वॉरम यांची मुलगी आणि एलिएझर मेदर यांची विधवा होती. सॉलोमन यांचे वडील अँथनी हे बॉस्टनचे व्यापारी, आणि आई मेरी डाउनिंग. येथे एक मोठा सापळा आहे. मेरीचे वडील इमॅन्युएल डाउनिंग यांची दुसरी पत्नी लूसी ही मॅसॅच्युसेट्‌सचे गव्हर्नर जॉन विन्थ्रप यांची बहीण. तेवढ्यावरून जोनाथन यांना विन्थ्रप घराण्याचे वंशज ठरवण्याचा मोह होतो. परंतु मेरी ही पहिली पत्नी अ‍ॅन वेअर हिची मुलगी होती. ज्यांच्या नावाने लंडनची डाउनिंग स्ट्रीट ओळखली जाते ते जॉर्ज डाउनिंग तिचे सावत्र भाऊ. नाते आहे, पण रक्त विन्थ्रपांचे नाही. ज्या पुरुषाची दोन लग्ने झाली, त्याच्या प्रत्येक अपत्याची आई लग्नाच्या तारखा समोर ठेवूनच ठरवावी.

आडनावाचे मूळ

आडनावाकडे सर्वांत शेवटी वळावे. एडवर्ड्‌स हे पितृनामावरून आलेले आडनाव आहे. ‘एडवर्ड’ हे जुने इंग्रजी नाव. त्यातील ‘एड’ म्हणजे संपत्ती आणि ‘वर्ड’ म्हणजे रक्षक. शेवटचा ‘स’ हा आपल्या ‘चा’ प्रत्ययाचे काम करतो. वेल्समध्ये पूर्वी स्थिर आडनाव नसे, मुलाच्या नावापुढे ‘अप’ आणि बापाचे नाव लावत. मराठी माणूस आजही नावापुढे वडिलांचे नाव लिहितो, त्यामुळे आपल्याला ही रीत चटकन कळते. पुढे अप ऱ्हिसचे प्राइस झाले, अप हाउएलचे पॉवेल झाले, आणि काही घराण्यांनी बापाच्या इंग्रजी नावाला ‘स’ जोडून एडवर्ड्‌ससारखे आडनाव धारण केले. याचा अर्थ असा की, दोन शेजारी एडवर्ड्‌स घराण्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसू शकतो, आणि केवळ या आडनावावरून वेल्श मूळ सिद्ध होत नाही, कारण इंग्लंडातही ते स्वतंत्रपणे तयार झाले आहे.

घराण्यात चालत आलेली हकिकत सांगते की, विल्यम यांचे वडील रिचर्ड हे मूळचे वेल्सचे आणि लंडनमध्ये पाळक होते. अशी हकिकत फेकून देऊ नये, तपासायचे प्रश्न म्हणून मांडावी : लंडनच्या कोणत्या पॅरिशमध्ये विल्यम यांचा बाप्तिस्मा आहे, अ‍ॅनचे कोल यांच्याशी लग्न कोठे झाले, इंग्लंडच्या चर्चच्या पाळकांच्या सूचीत रिचर्ड कोठे नेमलेले दिसतात. कँटरबरीच्या न्यायालयात मंजूर झालेली मृत्युपत्रे लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, तीही पाहावीत.

स्टॉडर्ड आडनावाचे उदाहरण बोलके आहे. कुलवृत्तांत सांगतो की, हे घराणे १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम द कॉन्कररसोबत आलेल्या निशाणधाऱ्यापासून निघाले. भाषाशास्त्र सांगते की, ‘स्टोड’ म्हणजे घोड्यांचा कळप आणि दुसरा भाग म्हणजे राखणारा. घोडे राखणाऱ्याचे हे नाव मला तरी निशाणापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते. कुलचिन्हांबाबतही सावध असावे. इंग्लंडात ती विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिली जात, आडनावाला नव्हे. पैसे घेऊन खोट्या वंशावळी रचणारा गुस्ताव्ह आंज्यू याच्यासारखी माणसे विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत होती, आणि त्यांची छापील कामे आजही ग्रंथालयांत आहेत. मॅनहॅटनमधील जमिनीच्या कथित एडवर्ड्‌स वारशापायी तर हजारो लोकांनी आपले पूर्वज एका रॉबर्ट एडवर्ड्‌सशी जोडून घेतले. त्या काळात जुळवलेले तक्ते आढळले तर बाजूला ठेवावेत.

मराठी वाचकासाठी एक दुवा

ही पद्धत आपल्याकडच्या इतिहासालाही लागू पडते. १८१३ मध्ये मुंबईत आलेले गॉर्डन हॉल आणि पुढे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचे अनेक मिशनरी याच न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांमधून आले होते, आणि जोनाथन एडवर्ड्‌स यांनी १७४९ मध्ये प्रसिद्ध केलेले मिशनरी डेव्हिड ब्रेनर्ड यांचे चरित्र त्या पिढीच्या वाचनात होते. त्यांची पत्रे आणि अहवाल हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात ठेवलेले आहेत. एखाद्या मिशनरी कुटुंबाचा शोध घेणाऱ्याने तेथील पत्रांतून गावाचे नाव मिळवावे, त्या गावाच्या दप्तरातून आईवडिलांची नावे काढावीत, आणि मग वहीचे पुढचे पान उघडून त्यावर पुन्हा तेच तीन रकाने आखावेत.